सोन्याचे पाणी

प्रस्तावना

लग्नसराई जवळ आली की बाजारातील दुकाने दागिन्यांनी झगमगू लागतात. ठुशी, मोहनमाळ, बोरमाळ, चिंचपेटी, नथ, बुगडी, तोडे असे नाना प्रकार काचेच्या पेटीत मांडलेले असतात. यांतील सर्वच दागिने सोन्याचे नसतात. सराफाच्या पेढीवर ज्याची किंमत लाखाच्या घरात जाईल, तसाच दिसणारा हार शेजारच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. महाराष्ट्रात त्याला कोणी 'बेन्टेक्स' म्हणते, कोणी 'एक ग्रॅमचे', तर कोणी सरळ 'खोटे दागिने' म्हणते. तमिळनाडूत त्यालाच 'कव्हरिंग' म्हणतात.

दागिना खोटा असला, तरी तो घडवण्यासाठी लागणारे कष्ट खोटे नसतात. या स्वस्त दागिन्यामागे एक मोठा उद्योग उभा आहे. तो कसा चालतो, त्यात कोणाला किती मिळते आणि का, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :

• कृत्रिम दागिने तयार करण्याची प्रक्रिया क्रमाने सांगू शकाल;
• दागिन्याच्या किमतीत कोणकोणते घटक समाविष्ट असतात हे स्पष्ट करू शकाल;
• नगावर मिळणाऱ्या मजुरीचा खरा हिशोब मांडू शकाल;
• घरबसल्या काम करणाऱ्या कामगारांचे प्रश्न व हक्क यांविषयी मत मांडू शकाल;
• दागिन्यांशी संबंधित म्हणी व वाक्प्रचार यांचा वाक्यात उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. मुलाम्याची परंपरा

हलक्या धातूवर सोन्याचा पातळ थर चढवून त्याला सोन्याचे रूप देण्याची कला फार जुनी आहे. आपल्याकडे तिला 'मुलामा देणे' किंवा 'सोन्याचे पाणी चढवणे' असे म्हणतात. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील क्रिस्टोफर पिंचबेक या घड्याळजीने तांबे व जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू तयार केला. त्याच शतकात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास याने काचेपासून बनवलेले हिऱ्यासारखे खडे लोकप्रिय केले. इटलीतील लुइजी ब्रुन्यातेल्ली याने १८०५ मध्ये विजेच्या साहाय्याने धातूवर सोन्याचा थर चढवून दाखवला. पुढे १८४० मध्ये इंग्लंडमधील एल्किंग्टन चुलतबंधूंनी या पद्धतीचे एकस्व मिळवले आणि मुलाम्याचे काम कारखान्यात होऊ लागले. १८९२ मध्ये डॅनिएल स्वारोव्स्की याने काचेचे खडे पाडणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. मुलामा आणि खडे हे दोन्ही यंत्राच्या आवाक्यात आले आणि स्वस्त दागिन्यांचा मार्ग मोकळा झाला.

भारतात या व्यवसायाची अनेक केंद्रे आहेत. आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणम येथील चिलकलपूडी हा भाग 'रोल्ड गोल्ड' दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तमिळनाडूतील चिदंबरम कव्हरिंगच्या दागिन्यांसाठी ओळखले जाते. गुजरातेतील राजकोट आणि मुंबईतील मालाड येथे असे दागिने मोठ्या प्रमाणावर तयार होतात. मुंबईचा भुलेश्वर आणि दिल्लीचा सदर बाजार या त्यांच्या घाऊक विक्रीच्या प्रमुख पेठा होत. म्हणजे चिलकलपूडीत घडलेली माळ नागपूरच्या नववधूच्या गळ्यात दिसते आणि राजकोटला घडलेले झुमके इम्फाळच्या बाजारात विकले जातात.

२. लोक कृत्रिम दागिने का घेतात?

आपल्या समाजात सोने ही केवळ हौसेची वस्तू नाही. सोने म्हणजे बचत. अडीअडचणीला ते गहाण ठेवता येते, मोडता येते. दागिना मोडताना घडणावळ वाया जाते, परंतु सोन्याचे मोल हाती येते. कृत्रिम दागिन्याचे तसे नाही. तो एकदा विकत घेतला की त्याला मोड नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सोन्याचा दागिना हा खर्चही असतो आणि गुंतवणूकही असते. कृत्रिम दागिना हा केवळ खर्च असतो.

तरीही त्याला मागणी आहे, याची कारणे तीन. पहिले कारण म्हणजे सोन्याचे वाढते भाव. सोने जसजसे महाग होते, तसतसा सामान्य ग्राहक पर्याय शोधू लागतो. दुसरे कारण सुरक्षिततेचे. प्रवासात किंवा गर्दीच्या ठिकाणी मंगळसूत्र खेचले जाण्याची भीती असते, म्हणून अनेक स्त्रिया खरे मंगळसूत्र घरी ठेवून मुलाम्याचे घालतात. तिसरे कारण नावीन्याची आवड. प्रत्येक साडीला साजेसा सोन्याचा संच कोणालाच परवडणार नाही; कृत्रिम दागिन्यांत ते शक्य होते.

सरकारी धोरणाचा परिणामही दागिन्यांच्या धंद्यावर होतो. १९६२ च्या युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई जाणवू लागली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. पिढीजात सोनारांवर बेकारीची पाळी आली. हे निर्बंध १९६६ मध्ये सैल झाले. तथापि १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत अमलात होता.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. सोन्याचा दागिना मोडताना ........ वाया जाते.
२. सुवर्ण नियंत्रण कायदा ........ मध्ये रद्द झाला.

(आ) सोन्याचा दागिना आणि कृत्रिम दागिना यांतील आर्थिक फरक एका वाक्यात सांगा.

३. दागिना कसा घडतो?

कृत्रिम दागिना एका हातून घडत नाही. तो अनेक हातांतून फिरतो. प्रथम नमुना तयार होतो. नमुन्यावरून साचा बनवतात. पितळेच्या पत्र्यावर ठशाने छाप मारून भाग पाडले जातात किंवा वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून भाग तयार केले जातात. कथिलासारखे धातू कमी तापमानाला वितळतात, त्यामुळे त्यांचे ओतकाम रबराच्या फिरत्या साच्यातही करता येते. एका साच्यातून एका वेळी अनेक नग निघतात. साच्याचा खर्च मोठा असतो, पण तो हजारो नगांवर विभागला जातो. म्हणूनच नगांची संख्या जितकी अधिक, तितका एका नगाचा खर्च कमी. स्वस्ताईचे पहिले रहस्य हे आहे.

यानंतर भाग घासून साफ करतात, डाग देऊन जोडतात आणि त्यांना चकाकी आणतात. मग मुलाम्याची पाळी येते. रसायनाच्या कुंडात दागिना बुडवून वीजप्रवाह सोडला जातो. बहुधा आधी तांब्याचा किंवा निकेलचा थर देतात आणि शेवटी सोन्याचा.

हा थर किती पातळ असतो, हे एका हिशोबावरून कळेल. समजा, एका हाराचा एकूण पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यावर एक दशांश मायक्रॉन जाडीचा थर दिला आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एक घन सेंटिमीटर सोन्याचे वजन सुमारे १९.३ ग्रॅम असते. या हिशोबाने त्या हारावर सुमारे ०.०१९ ग्रॅम सोने चढते. म्हणजे एक ग्रॅम सोन्यात असे पन्नासहून अधिक हार न्हाऊन निघतात! थर एक मायक्रॉन जाडीचा दिला, तर त्याच एक ग्रॅममध्ये पाचच हार होतात. मात्र ते अधिक टिकतात. 'एक ग्रॅमचे दागिने' असे नाव असले, तरी प्रत्येक दागिन्यात एक ग्रॅम सोने असतेच असे नाही, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

मुलाम्यानंतर खडे चिकटवणे, मणी ओवणे, कड्या जोडणे, पुठ्ठ्यावर जोड लावणे आणि पाकिटे भरणे ही कामे उरतात. त्यांना यंत्र लागत नाही. चांगली नजर, स्थिर बोटे आणि चिकाटी लागते. ही कामे बहुतांशी कारखान्याबाहेर, वस्तीतील घराघरांत, स्त्रियांच्या हातून होतात.

४. एका जोडाचा हिशोब

झुमक्यांचा एक जोड दुकानात ६० रुपयांना मिळतो, असे समजू. हे ६० रुपये कोठे जातात? पुढील आकडे केवळ हिशोबाची रीत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत.

धातूचे भाग : ६ रुपये
खडे : ३ रुपये
मुलामा : ५ रुपये
सर्व प्रकारची मजुरी : ४ रुपये (पैकी खडे बसवण्याची १ रुपया)
वेष्टन : २ रुपये
एकूण उत्पादनखर्च : २० रुपये
उत्पादकाची विक्री किंमत : २५ रुपये
घाऊक व्यापाऱ्याची विक्री किंमत : ३२ रुपये
किरकोळ दुकानातील किंमत : ६० रुपये

पहिल्या दृष्टीस असे वाटते की, दुकानदार सर्वाधिक नफा मिळवतो. त्याने २८ रुपये वाढवले हे खरे. परंतु त्या २८ रुपयांत दुकानाचे भाडे, दिव्यांचा खर्च, नोकराचा पगार आणि न विकलेल्या मालाचे नुकसान हे सारे आहे. या धंद्यात नव्या चालीला आयुष्य थोडे असते. एखाद्या मालिकेतील नायिकेची नथ आज घरोघरी हवी असते. मालिका संपली की तीच नथ पेटीत पडून राहते. सोन्याचा न खपलेला दागिना आटवता येतो. न खपलेला कृत्रिम दागिना मात्र भंगाराच्या भावाने जातो. उत्पादकाचेही पैसे उधारीत अडकतात. माल दिवाळीपूर्वी द्यावा लागतो आणि पैसे त्यानंतर कित्येक आठवड्यांनी मिळतात.

म्हणजे या साखळीतील प्रत्येक जण काही ना काही जोखीम पत्करतो आणि तिची भरपाई किमतीत धरतो. अपवाद एकच. खडे बसवणारी स्त्री.

५. एका दिवसाची मजुरी

आता याच कल्पित उदाहरणातील खडे बसवणाऱ्या स्त्रीच्या दिवसाचा हिशोब मांडू. सकाळी मुलांना शाळेत पाठवून ती मुकादमाकडे जाते आणि माल घेऊन येते. दिवसभरात घरकाम सांभाळून ती सहा तास बसते. तासाला १२ जोड या गतीने ७२ जोड होतात. दर जोडी १ रुपया, म्हणजे ७२ रुपये. परंतु माल परत देताना मुकादम ४ जोड नापास करतो. उरले ६८ रुपये. सरस तिचाच, त्याचे ८ रुपये गेले. जाण्यायेण्याचे १० रुपये गेले. हातात पडले ५० रुपये. माल आणण्यापोचवण्यात एक तास गेला, तो धरला तर सात तासांचे हे पन्नास रुपये झाले. ताशी सुमारे सात रुपये!

कागदावरचा दर आणि पदरात पडणारी मजुरी यांत किती अंतर आहे, ते येथे दिसते. नगावर काम करणाऱ्याच्या हिशोबात चार गोष्टी विसरल्या जातात : नापास माल, स्वतःचा कच्चा माल, येण्याजाण्याचा खर्च आणि त्यासाठी गेलेला वेळ. शिवाय तिच्या घराची जागा आणि दिव्याची वीज कारखान्याला फुकट मिळते, हे निराळेच.

मग दर वाढवला तर काय होईल? समजा, खडे बसवण्याची मजुरी १ रुपयाऐवजी २ रुपये झाली. तेवढ्याच कामात तिच्या हाती ६८ चे १३६ रुपये येतील. सरस आणि प्रवास यांचा खर्च वाढत नाही, म्हणून १८ रुपये वजा जाऊन ११८ रुपये उरतील. म्हणजे तिची प्राप्ती दुपटीहून अधिक होईल. ग्राहकाला काय भार पडेल? उत्पादक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार या सर्वांनी पूर्वीच्याच टक्केवारीने नफा लावला, तरी जोडाची किंमत ६० ची ६३ रुपये होईल. तिच्या हाती गेलेला एक रुपया दुकानात पोचेपर्यंत तीन रुपये होतो, हे खरे. तरीही ग्राहकाला जाणवणारी वाढ पाच टक्क्यांचीच आहे.

असे असूनही दर सहसा वाढत नाही. कारण काम मागणारे हात पुष्कळ आहेत आणि ते विखुरलेले आहेत. एकीने नकार दिला तर मुकादम शेजारच्या दारात जातो. शेजारणीला किती दर मिळतो, हेही पुष्कळदा ठाऊक नसते. जो एकटा असतो, त्याला भाव ठरवता येत नाही. त्याला भाव सांगितला जातो.

पाठगत प्रश्न २

१. साच्याचा खर्च मोठा असूनही एक नग स्वस्त का पडतो?
२. वरील उदाहरणात दर जोडी मजुरी दीड रुपया धरली, तर ती स्त्री दिवसाला किती व ताशी किती कमावेल?

६. झळाळीची दुसरी बाजू

मुलाम्याच्या कुंडात सायनाइडयुक्त रसायने वापरली जातात. सायनाइड हे अतिशय जहाल विष आहे. हवा खेळती नसलेल्या खोलीत, हातमोजे न घालता केलेले हे काम जिवावर बेतू शकते. वापरलेले पाणी शुद्ध न करता गटारात सोडले, तर ते नदीनाल्यांपर्यंत पोचते. म्हणून हे काम घरात कधीही करू नये. ते सांडपाण्यावर प्रक्रिया होणाऱ्या परवानाप्राप्त कारखान्यातच व्हावे.

ग्राहकालाही काळजी घ्यावी लागते. निकेलच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते. युरोपीय संघाने त्वचेला लागणाऱ्या वस्तूंतील निकेलवर १९९४ मध्ये निर्बंध आणले आणि २०११ मध्ये दागिन्यांतील कॅडमियम या विषारी धातूवर मर्यादा घातली. जो उत्पादक आपल्या धातूची तपासणी करून घेत नाही, त्याला अशा बाजारपेठा बंद होतात. म्हणजे शुद्धता हा केवळ नीतीचा नव्हे, तर व्यापाराचाही प्रश्न आहे.

मुले चिमुकल्या बोटांनी खडे चटकन बसवतात, असे समर्थन कधी कधी ऐकू येते. २०१६ च्या सुधारित कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. शाळेनंतर घरच्या उद्योगाला हातभार लावण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती धोकादायक कामांना नाही आणि शिक्षणात अडथळा आणून तर मुळीच नाही.

७. एका दूरच्या शहराची कथा

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स नावाचे शहर आहे. हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा चढवण्याची रीत तेथे १७९४ च्या सुमारास सुरू झाली. तिचे श्रेय नेहेमाया डॉज या कारागिराला दिले जाते. पुढे हे शहर कृत्रिम दागिन्यांची राजधानी म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. तेथेही कारखान्यांतील सुटे भाग घराघरांत जात आणि कुटुंबेच्या कुटुंबे जेवणाच्या टेबलाभोवती बसून ते जोडत. अमेरिकी सरकारने १९४० च्या दशकाच्या आरंभी या धंद्यातील घरकामावर निर्बंध घातले, तरी ते छुपेपणाने चालूच राहिले. १९७० च्या दशकानंतर आशियातील स्वस्त मालापुढे तेथील कारखाने एकामागून एक बंद पडले.

आज चीनमधील यीवू येथील घाऊक बाजारातून असा माल जगभर जातो आणि भारतीय कारागिरालाही त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. प्रॉव्हिडन्सची कथा एक गोष्ट शिकवते. केवळ स्वस्त मजुरीवर उभा असलेला धंदा त्याहून स्वस्त मजुरी जेथे मिळेल तेथे निघून जातो. नवी नक्षी, टिकाऊ मुलामा आणि स्थानिक परंपरेची ओळख यांवर उभा असलेला धंदा मात्र सहज हलत नाही. कोल्हापुरी साजाची घडण किंवा नागरकोइलचे मंदिर-दागिने यांचे रूप त्या त्या मातीतून आले आहे. नागरकोइलच्या दागिन्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कारागिराचे खरे भांडवल हेच होय.

८. पुढची वाट

घरबसल्या काम करणाऱ्यांचे श्रम दिसत नाहीत, म्हणून ते मोजलेही जात नाहीत. या श्रमांना मान्यता मिळावी यासाठी प्रयत्न झाले आहेत. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत 'सेवा' ही संघटना स्थापन केली आणि असंघटित स्त्रियांना कामगार म्हणून ओळख मिळवून दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या कामाविषयीचा करार संमत केला. भारतात २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने घरबसल्या काम करणाऱ्यांची दखल घेतली. २०२१ मध्ये अशा कामगारांच्या नोंदणीसाठी 'ई-श्रम' ही व्यवस्था सुरू झाली.

नोंदणी ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे हिशोबाची वही. किती नग आले, किती गेले, किती नापास झाले, सरसाला किती पडले, हे रोज लिहून ठेवणाऱ्या स्त्रीला आपल्या श्रमांचे मोल कळते. तिसरी पायरी एकत्र येण्याची. वस्तीतील दहाजणींनी गट करून माल एकत्र आणला, तर प्रवासाचा खर्च वाटला जातो, सरस घाऊक भावाने मिळतो आणि दर ठरवताना दहाजणींचा आवाज एक होतो. त्यांतील काही जणी पुढे स्वतःच नमुने तयार करून विक्रीही करू शकतात.

दागिन्यावरचा सोन्याचा थर कालांतराने उडतो. ज्या हातांनी तो दागिना घडवला, त्या हातांचे कौशल्य मात्र वापराने वाढत जाते. त्या कौशल्याला योग्य दाम मिळाला, तरच हा उद्योग खऱ्या अर्थाने उजळेल.

आपण काय शिकलात?

• नगांची मोठी संख्या, पातळ मुलामा आणि अल्प मजुरी यांमुळे कृत्रिम दागिना स्वस्त होतो.
• कृत्रिम दागिन्याला मोड नसते. न खपलेल्या मालाची जोखीम किमतीत धरली जाते.
• नगावरील मजुरीतून खर्च व वेळ वजा केल्याशिवाय खरी प्राप्ती कळत नाही.
• नोंदणी, हिशोब आणि संघटन यांतून घरबसल्या कामगारांची स्थिती सुधारू शकते.

भाषाभ्यास

पुढील म्हणी व वाक्प्रचार लक्षात ठेवा.
• कसाला लागणे – खरी परीक्षा होणे.
• बावनकशी असणे – अत्यंत शुद्ध, अस्सल असणे.
• नाकापेक्षा मोती जड – मूळ गोष्टीपेक्षा गौण गोष्टीला अधिक महत्त्व येणे.
• हातच्या काकणाला आरसा कशाला? – उघड दिसणाऱ्या गोष्टीला पुराव्याची गरज नसते.

शब्दार्थ

मुलामा – धातूवर चढवलेला सोन्याचांदीचा पातळ थर. घडणावळ – दागिना घडवण्याची मजुरी. मोड – जुना दागिना विकल्यावर मिळणारी किंमत. डाग देणे – धातूचे दोन भाग तापवून जोडणे. मुकादम – काम वाटून देणारा मध्यस्थ. एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क.

पाठान्त प्रश्न

१. 'दागिना खोटा, पण कष्ट खरे' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. खडे बसवणाऱ्या स्त्रीला दर वाढवून मागणे कठीण का जाते?
३. प्रॉव्हिडन्स शहराच्या कथेतून भारतीय कारागिरांनी काय शिकावे?
४. आपल्या परिसरात नगावर चालणाऱ्या एखाद्या कामाची (विड्या, पापड, शिवणकाम इत्यादी) माहिती घ्या व एका दिवसाच्या प्राप्तीचा हिशोब मांडा.
५. 'कसाला लागणे' व 'नाकापेक्षा मोती जड' यांचा वाक्यात उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. घडणावळ २. १९९० (आ) सोन्याचा दागिना खर्चाबरोबरच गुंतवणूकही असतो. कृत्रिम दागिना केवळ खर्च असतो.

प्रश्न २ : १. साच्याचा खर्च हजारो नगांवर विभागला जातो म्हणून. २. ६८ जोडांचे १०२ रुपये. १८ रुपये खर्च वजा जाता दिवसाला ८४ रुपये. सात तासांच्या हिशोबाने ताशी १२ रुपये.